भावजींची ठिगळं

माझे भावजी रस्त्यावरचे खड्डे बुजवणाऱ्या टोळीचे मुकादम आणि मी त्यांच्या ट्रकचा ड्रायव्हर. ताईचं लग्न ठरलं तेव्हा वाटलं, सरकारी माणूस आहे, कामात चोख असणार. कसलं काय! भावजींनी बुजवलेला खड्डा लांबूनही ओळखू यायचा. एका बाजूला डांबराचा उंचवटा, दुसरीकडे सुटलेली खडी आणि मधोमध कुणाच्या तरी बुटाचा ठसा. इंजिनिअर साहेब कपाळाला हात लावायचे.

"मुकादम, जरा तरी लाज बाळगा!"

"साहेब, खड्डा होता. आता नाही. अजून काय हवं?"

मग आमच्या भागात लढाई पेटली आणि रस्त्यात बॉम्ब पुरले जाऊ लागले. ते म्हणे सैनिकांसाठी असतात. पण गाडीत कोण बसलंय ते बॉम्बला कुठे दिसतं? गेल्या महिन्यात पाण्याचे पाइप दुरुस्त करणाऱ्यांची गाडी उडाली. तिघं गेले. रोज सकाळी आमच्याबरोबर चहा प्यायचे. तेव्हापासून ताई मला दररोज बजावते, "यांना संध्याकाळी धड घरी आणायचं, जबाबदारी तुझी." जसं काही बॉम्ब मला विचारून फुटणार!

परवा इंजिनिअर साहेबही ट्रकमध्ये होते. वळण घेतलं आणि भावजी ओरडले, "थांबव!" मी करकचून ब्रेक दाबला. शंभर पावलांवर रस्त्याला एक ताजं ठिगळ होतं. सपाट, कडा सरळ, अगदी इस्त्री केल्यासारखं.

साहेबांची कळी खुलली. "वा, मुकादम! सुधारलात म्हणायचं!"

भावजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. "साहेब, हे आमचं नाही. एवढं चांगलं काम आम्ही जन्मात केलेलं नाही."

"मग दुसऱ्या टोळीनं केलं असेल."

"या रस्त्यावर दुसरी टोळीच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ट्रक मागे घे. हळू."

सैनिक आले आणि त्यांनी लांबूनच ठिगळाखालचा बॉम्ब फोडला. साहेब रस्त्याच्या कडेला मटकन बसले. भावजींनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "आता माझ्या कामाबद्दल वर चार बरे शब्द कळवा."

घरी पोचलो तर ताई दारातच उभी. आवाज गावभर गेला होता. तिनं भावजींच्या छातीवर दोन बुक्क्या मारल्या आणि तिथेच डोकं टेकून रडायला लागली. "उद्या जायचं नाही तुम्ही."

"अगं, हत्ती मावेल एवढा खड्डा पडलाय तिथे."

"बुजवेल दुसरं कुणीतरी. तुमच्यापेक्षा चांगला बुजवेल!"

"तेच तर," भावजी म्हणाले. "चांगला बुजवला, तर आमच्या माणसांनी बुजवला की बॉम्बवाल्यांनी, हे मला कळणार कसं?"

ताईला रडता रडता हसू फुटलं. मला मात्र हसता आलं नाही. भावजींचं म्हणणं खरं होतं आणि सकाळी त्याच रस्त्यावर ट्रक मलाच न्यायचा होता.