वर्गाच्या मागची खुर्ची

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी मी प्रशिक्षक बाईंना खाली बसवलं. अपमान करायचा हेतू अजिबात नव्हता. सवय, दुसरं काय! दादरच्या एका शाळेत आम्हा प्राथमिकच्या गणित शिक्षकांना गोळा केलं होतं आणि तिसरीच्या बाकांवर, गुडघे हनुवटीपर्यंत आणून, आम्ही बसलो होतो. जेवणानंतरचा तास. डोळे मिटायला लागले म्हणून मी एक प्रश्न विचारला. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. फळ्यापाशी उभ्या राहून त्यांनी छान, सावकाश उत्तर दिलं. आणि माझ्या तोंडून, इतकी वर्षं मुरलेल्या आवाजात, निघून गेलं, "हं. शाब्बास. बस खाली."

गंमत म्हणजे त्या बसल्या. पहिल्या बाकावर, हातात खडू धरून. त्याही कधीतरी कोणाच्या तरी वर्गात विद्यार्थिनी होत्याच की. मग वर्गात जे हसू फुटलं ते जिन्यात ऐकू गेलं असेल. माझ्या शेजारी दादरचेच एक गुरुजी होते, अघळपघळ माणूस. त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "मास्तर, गृहपाठ पण देऊन टाक त्यांना!"

बाई हसत उठल्या. म्हणाल्या, "सर, मला बसवलंत ते ठीक. पण मी असं का म्हटलं, ते नाही विचारलंत."

तेव्हा मी ओशाळून मान हलवली. पण ते वाक्य पँटला चिकटलेल्या खडूसारखं घरापर्यंत आलं. खरंच, मूल उत्तर देतं, बरोबर असलं तर शाब्बास, चुकलं तर नुसतंच 'बस', आणि पुढचा हात. मधे काही विचारायला सवड कुठे असते? आणि सवड असती तरी विचारलं असतं, असं छातीठोकपणे सांगवत नाही.

त्या दिवसाच्या शेवटी बाईंनी कामगिरी दिली. प्रत्येकाने एक सोबती निवडायचा. सोबत्याने आपल्या वर्गात मागे खुर्ची टाकून बसायचं. आपल्याकडे बघायचं नाही, आपल्या चुका काढायच्या नाहीत. एखाद्या मुलाकडे कान लावायचा आणि ते काय म्हणतं ते ऐकायचं. नंतर चहा पिताना आपल्याला सांगायचं. बस्स, एवढंच.

लगेच जोड्या जमल्या. एकाच शाळेतले एकमेकांकडे वळले, "तू माझी, मी तुझा" करत. पीटीच्या तासाला जोड्या लावताना एक पोरगं उरतं आणि बुटाची लेस बांधल्याचं नाटक करतं, तसं मी पाण्याची बाटली उघडत बसलो.

आमची शाळा लालबागची. एके काळी शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत डबे ठेवायला टेबल पुरत नसे. कोणाच्या डब्यात कोणाचा चमचा, याचा पत्ता नसायचा. मग मराठी वर्ग एकेक मजला सोडत वर सरकत गेले. आता खाली इंग्रजी माध्यम, आणि सगळ्यात वर आम्ही. आम्ही म्हणजे मी. बरोबरच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मुख्याध्यापकांकडे आणखी एका शाळेचा भार, त्यामुळे ते बहुधा दोन शाळांच्या मधल्या रस्त्यावर असतात. तिसरी-चौथी एकत्र बसवून मी शिकवतो. मधल्या सुट्टीत त्या लांबलचक टेबलाच्या एका टोकाला डबा उघडतो. पहिले काही महिने मी लोणचं टेबलाच्या मधोमध ठेवत असे, सगळ्यांचा हात पोहोचावा म्हणून. मग कळलं की माझाच पोहोचत नाही.

"मास्तर, तोंड पाडू नकोस," दादरचे गुरुजी म्हणाले. त्यांची जोडी आधीच जमली होती. "मी येतो ना तुझ्याकडे. पक्का. फक्त चहा तुमच्या लालबागचा पाहिजे."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. बाईंना बसवल्याचं ऐकून तिला नवल वाटलं नाही. "घरात तरी वेगळं काय करता? परवा शेजारचे सोसायटीचं सांगायला आले होते, त्यांना 'पुढे सांगा' म्हणालात."

"अगं, पण ऐकायला बसायचं, ही कल्पना बघ ना. मला तर..."

"मला गणिताचं नका सांगू," ती म्हणाली. "सातवीत बाईंनी मला फळ्यासमोर उभं केलं होतं, सगळ्या वर्गाच्या देखत. अजून फळा बघितला की मी तोंड फिरवते." आणि ती कुकरकडे वळली.

ती परळला एका लॅबमध्ये रिसेप्शनला बसते. दिवसभर लोकांना 'उपाशीपोटी या' म्हणून सांगून घरी येते, तेव्हा तिला कोणाचं काही ऐकायचं नसतं. मुलगी बंगळुरूला. रविवारी फोन करते, पाठीमागे मिक्सर चालू असतो. आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात चौदाव्या मजल्यावर आता आम्ही राहतो. हवा भरपूर. चाळीत मी पाढे म्हणवून घ्यायला लागलो की दोन खोल्या पलीकडचा म्हातारा चूक काढायचा. आता दार लावलं की लागलं. तक्रार नाही, लिफ्टही चांगली आहे. पण शाळेतही माझ्या मजल्यावर एकच वर्ग, घरीही मजल्यावर सगळी दारं बंद. कधीकधी लिफ्टमधून बाहेर पडताना मी कुठे आलोय, ते क्षणभर कळत नाही.

ठरलेल्या दिवशी मी लवकर गेलो. शिक्षकांच्या खोलीतली त्यातल्या त्यात न डुगडुगणारी खुर्ची वर नेली, पुसली, वर्गाच्या मागे, खिडकीपाशी ठेवली. आइस्क्रीमच्या काड्या आणल्या होत्या. दहा-दहाचे गठ्ठे करून त्यांना रबर लावले, बाकीच्या सुट्या. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगून ठेवलं की आज दोन कटिंग. तो म्हणाला, "पाहुणे काय सर?" मी म्हटलं, "पाहुणे नाही रे, सोबती." हे सांगताना मी उगाचच ताठ झालो.

मुलांनी खुर्ची लगेच हेरली. "सर, साहेब येणार?"

"साहेब नाही. माझे मित्र."

"तुम्हाला मित्र आहे?" मागून एक आवाज आला. सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

शाळा भरायच्या वेळेला मोबाइल वाजला. दादरच्या गुरुजींचा निरोप. मतदार याद्यांच्या कामाला अचानक लावलंय, घरोघर फिरतोय, आज जमत नाही, सॉरी मास्तर. खाली हात जोडलेली तीन चित्रं. त्यांचा दोष नव्हता. ते काम कधी माझ्याही मानेवर बसतं. मी खाली धावत गेलो. इंग्रजी माध्यमाच्या एका टीचरना मोकळा तास होता. त्या चांगल्या स्वभावाच्या. "सर, आले असते, पण मला तुमचं मराठीतलं गणित नाही झेपत," त्या म्हणाल्या. "तुम्ही अठ्ठेचाळीस म्हणालात की मी तिथेच अडकणार. तोपर्यंत तुमचा तास संपेल."

पुन्हा वर आलो. खुर्ची तशीच ठेवली. उचलली असती तर मुलांनी विचारलं असतं.

फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस लिहिलं. चौथीतली एक मुलगी आहे, कधी हात वर न करणारी. आज का कोण जाणे, तिने केला. म्हणाली, "पस्तीस."

माझं 'बस' ओठांवर आलं होतं. इतक्यात माझी नजर मागच्या खुर्चीकडे गेली. रिकामीच होती, पण जणू कोणी कान देऊन बसलंय, असं वाटून मी थांबलो. विचारलं, "कसं केलंस?"

ती घाबरली. 'कसं' विचारलं म्हणजे चुकलं, एवढं मुलांना पक्कं ठाऊक असतं. मी म्हटलं, "रागावत नाही गं. मला खरंच ऐकायचंय."

"दोनातून सात जात नाहीत," ती म्हणाली. "मग सातातून दोन घालवले. तुम्हीच सांगता ना सर, नेहमी मोठ्यातून लहान घालवायचे."

सांगतो. दर वर्षी सांगतो, टेबलावर छडी आपटत सांगतो. पोरीने माझं ऐकलं होतं. मी मात्र तिचं आजवर कधी ऐकलं नव्हतं.

तिला पुढे बोलावलं, काड्या दिल्या. "बावन्न मांड." तिने पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. "आता त्यातल्या सत्तावीस मला दे." तिने दोन गठ्ठे दिले. दोन सुट्या दिल्या. मग हात थांबला. ती उरलेल्या तीन गठ्ठ्यांकडे बघत राहिली. सगळा वर्ग बघत राहिला. मी बोलायचं नाही म्हणून जीभ दातांत धरली होती. मास्तरला याहून अवघड काम नाही. बराच वेळ गेला. मग तिने हळूच विचारलं, "सर, रबर काढू?"

इतकी वर्षं मी फळ्यावर 'शेजारून एक दशक उसना घ्या' म्हणून खाडाखोड करत आलो, ते सगळं या पोरीने दोन शब्दांत मांडलं, तेही परवानगी मागून. मला हसू आलं. मी झटकन मागे बघितलं. "ऐकलंत?" म्हणायला.

खिडकीपाशी उन्हात खुर्ची होती.

मुलीने रबर काढलं, पाच काड्या मोजून माझ्या हातात दिल्या, आणि उरलेल्या मोजून "पंचवीस" म्हणाली. मी शाब्बास म्हटलं. बस म्हणालो नाही, त्यामुळे ती बिचारी घंटा होईपर्यंत फळ्यापाशीच उभी राहिली.

मधल्या सुट्टीत चहावाला दोन ग्लास ठेवून गेला. मी दोन्ही प्यायलो. दुसरा गार झाला होता.

संध्याकाळी बायको लॅबमधून आली, साडी बदलून नारळ खवायला बसली. मी गणिताचं काही सांगणार नव्हतो. पण तिने "डबा घासायला टाकलात?" एवढंच विचारलं आणि मी भडाभडा सगळंच सांगितलं. पस्तीस कसे आले, मोठ्यातून लहान, काड्या, मुलीचा थांबलेला हात. ती खवत होती, मान वर न करता. मी 'सर, रबर काढू'पर्यंत आलो तेव्हा खवण्याचा आवाज बंद झाला.

"मग? काढलं तिने?"

"काढलं."

"आणि तुम्ही मधे बोलला नाहीत?"

"नाही."

तिने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग म्हणाली, "कोणच इलो नाय?"

माझी बायको कणकवलीकडची. मालवणीवर ती रागात तरी येते, नाहीतर माया आली की. यातलं कुठलं, ते मला अजून नीट ओळखता येत नाही. मी म्हटलं, "नाही गं. खुर्ची आपली नुसतीच."

ती पुन्हा खवायला लागली. एक वाटी पुरी झाली, तिने दुसरी घेतली, करवंटी दिसेपर्यंत खवली. मग पाट मागे सारत म्हणाली, "गुरवारी माका सुट्टी असता. येतंय मी. मागे गप बसतंय. पण माका उभी करून काय एक विचारूचा नाय."