वहिनीनं विचारलेला प्रश्न

आमची वहिनी पडदे शिवते. कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर कापड अंथरायचं आणि एका रेषेत कात्री चालवायची, हे तिचं काम. बोलते कमी. मी नणंद असून सांगते, तिच्याशी भांडायचं म्हटलं तर दोन्ही बाजूंनी आपणच भांडावं लागतं.

तिची तीन बाळं पोटातच गेली. शेवटचं तर सहाव्या महिन्यात. चौथ्यांदा दिवस राहिले तेव्हा हे तरी पदरात पडू दे, एवढंच घरात सगळ्यांच्या मनात होतं. आणि नेमका तेव्हाच नेहमीच्या रक्ततपासणीत सिफिलिस निघाला. बाहेरख्याली माणसांचा म्हणतात तो रोग.

भावाचं रक्त तपासलं, त्यात काहीच निघालं नाही. मग काय, संशय सगळा तिच्यावर. आईनं तिचा टॉवेल वेगळा केला, कपही वेगळा केला. भाऊ तोंडात गुळणी धरून बसला. मी आईशी कडाकडा भांडले, पण वहिनी ना रडली, ना तिनं शपथा घेतल्या. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन दवाखान्यात गेली आणि डॉक्टरबाईंना म्हणाली, "हा रोग मला नाही. मग माझ्या रक्तात असं काय आहे, की तपासणी फसतेय?"

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. आधीच्या बाळांबद्दल खोदून खोदून विचारलं, नव्यानं रक्त घेतलं. खात्रीच्या तपासणीत सिफिलिस नव्हताच. निघालं ते भलतंच: अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. एका दमात म्हणून दाखवावं कुणी. शरीराचं रक्षण करणारी द्रव्यंच यात उलटतात आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ लागतात. बाळाला पोसणाऱ्या वारेत झाल्या की त्याचं पोषण तुटतं. पायात, फुप्फुसात, मेंदूत झाल्या तर आईच्याच जिवावर बेततं. आणि त्याच द्रव्यांमुळे ती साधी तपासणी चकते. म्हणजे ज्या तपासणीनं तिची अब्रू काढली, बाळं का गेली ते त्याच तपासणीमुळे कळलं. मी थक्क झाले. इतकी वर्षं आम्ही नशिबाला बोल लावत होतो.

मग एक गोळी आणि रोज पोटात रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन सुरू झालं. ते ती खोलीचं दार लावून स्वतःच टोचून घ्यायची आणि कामावर जायची. भावाला मी फैलावर घेतलं, तो माफी मागून मोकळा झाला. आईची मात्र जीभ उचलेना.

मुलगी झाली. थोडी लवकर, पण रडली अशी की सगळा वॉर्ड जागा झाला. मीही दारात उभी राहून खुशाल रडून घेतलं.

संध्याकाळी नर्सनं सांगितलं, बाळंतपणानंतर गुठळ्यांची भीती आणखी वाढते, इंजेक्शन अजून सहा आठवडे घ्यावं लागेल. घरी कोण देणार, असं तिनं विचारलं. वहिनीच्या कुशीत बाळ होतं. तिनं तोंड उघडण्याआधीच आई खुर्चीवरून उठली.

"मला शिकवा," ती म्हणाली.

वहिनीनं बाळ माझ्या हातात देऊन चादर बाजूला केली. सगळं पोट काळंनिळं पडलं होतं, बोट ठेवायला जागा नव्हती. आईनं ते पहिल्यांदाच पाहिलं, मीसुद्धा. आईचे डोळे भरून आले आणि नर्सनं हातात दिलेली सुई ती अगदी हळूहळू पोटाशी नेऊ लागली.

"आई, हळू नका टोचू," वहिनी म्हणाली. "हळू टोचलं की जास्त दुखतं."