उजवीकडून येणारा पास

माझे मामा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. एकतीस वर्षं तेच काम. दुकानात त्यांचा आवाज इतका बारीक, की गिऱ्हाइकाला पुढे वाकून ऐकावं लागे. पण बास्केटबॉलच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसले, की त्यांना कंठ फुटायचा.

"अगं पोरींनो, पाय हलवा! मुळं फुटली की काय?"

मामी म्हणायची, "घरात पंखा बंद कर म्हणायला यांचं तोंड उघडत नाही, आणि इथे बघा!"

ओरडण्यासारखंच होतं म्हणा. शहराचा महिला संघ सलग अकरा सामने हरला होता. आता खालच्या गटात ढकलला जाणार, हे लहान पोरसुद्धा सांगू शकलं असतं. तेवढ्यात एकोणीस वर्षांची एक नवी मुलगी संघात आली. लांब काटकुळे पाय, सदा धावत. मामांनी तिचं नाव ठेवलं टिटवी. तिच्या जोरावर संघाने पाचातले चार सामने जिंकले. मामा खूश झाले, म्हणजे शिव्या थोड्या कमी झाल्या.

पाचव्या सामन्यात एकीचं कोपर टिटवीच्या उजव्या डोळ्यावर बसलं. बर्फ लावून ती पुन्हा खेळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या सामन्याला मी मामांच्या शेजारी होते. उजव्या बाजूने आलेला सोपा पास तिच्या खांद्याला लागून बाहेर गेला. थोड्या वेळाने आणखी एक. लोक हळहळले. मामा मात्र पुढे वाकून तिच्याकडे निरखून बघू लागले. मध्यंतरात ती बाकावर बसली आणि तोंडासमोरून माशी हाकलावी तसा हात हलवू लागली.

"तिथे माशी नाही," मामा म्हणाले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

घरी जाताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मामीलाही ठाऊक नव्हती. पूर्वी एक शिंपी दुकानात आला होता. डोळ्यासमोर काळे ठिपके नाचतात म्हणाला. मामांनी त्याला नवा नंबर काढून दिला, 'होईल बरं' म्हणाले. डोळ्याच्या आतला पडदा फाटला होता. पंधरा दिवसांत तो डोळा गेला.

"पण मामा, तुमचा अंदाज चुकला तर?"

"चुकू दे, बाई. चुकला तर पेढे वाटीन."

रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. शनिवारचा सामना हरला तर संघ खाली जाणार होता, आणि टिटवीशिवाय तो जिंकणं अशक्य. तरी सकाळी दुकान न उघडता ते सरावाच्या हॉलवर गेले. मी सोबत होते. दारातच प्रशिक्षक बाईंनी अडवलं.

"काका, गॅलरीतून बोलता ते पुरत नाही का?"

"तिचा डोळा तपासू द्या. एकच मिनिट."

"ती ठणठणीत आहे. शनिवारनंतर बघू."

तोवर टिटवीच पुढे आली. हसत होती, पण हसणं ओढूनताणून आणलेलं. "बघू द्या ना ताई, एकदाचे जातील तरी."

मामांनी तिला डावा डोळा झाकायला लावला. "माझ्या नाकाकडे बघ. हात दिसला की सांग." त्यांनी आपला हात तिच्या उजव्या कानामागून हळूहळू पुढे आणायला सुरुवात केली. कानाशी आला. गालाजवळ आला. बोटं हलत होती. आम्हा सगळ्यांना ती दिसत होती.

"आणा ना हात," ती म्हणाली.

बाईंच्या हातातली शिट्टी खाली पडली. टिटवीने डाव्या डोळ्यावरचा हात काढला आणि आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

"तीन दिवसांपासून पडदा ओढल्यासारखं होतंय," ती पुटपुटली. "सांगितलं असतं तर बाकावर बसवलं असतं मला."

त्याच दिवशी तिची शस्त्रक्रिया झाली. नजरेचा मधला भाग अजून शाबूत होता. दोन दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. डोळा वाचला.

शनिवारी संघ हरला. बाहेर पडताना मागून कुणीतरी म्हणालं, "हाच तो म्हातारा, घरभेद्या." मामांनी मान खाली घातली आणि माझा हात धरून जिना उतरले. मला वाटलं, आता हे पुन्हा इकडे फिरकत नाहीत.

पण पुढच्या हंगामात, खालच्या गटात, जाड संरक्षक चष्मा लावून टिटवी कोर्टवर आली तेव्हा मामा आपल्या खुर्चीत होते. ओरडणं मात्र बंद. बास्केटखाली झटापट झाली की डोळे गच्च मिटून घेत आणि मला विचारत, "उठली का ती? बघ ना, उठली का?"

"उठली, मामा."

"नीट बघून सांग."