पिंपळगावची गाडी

पंचवटीत आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांनी प्लायवूडवर विजेवर चालणारी छोटी रेल्वे मांडलीय. स्टेशनचं नाव पिंपळगाव बसवंत. खऱ्या पिंपळगावला रेल्वे नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे, ते तिथलेच. गाडी चालताना ते पंखा बंद करतात आणि कुजबुजत बोलतात.

दर रविवारी फोन येतो, "वायरिंग बघतोस का जरा? गाडी अडलीय."

वायरिंग चोख असतं. घोळ रुळांचा आहे, हे मी कितीदा सांगितलं. गाडी वळून परत यावी म्हणून त्यांनी रुळांना फासासारखा वळसा दिलाय. एक रूळ प्लसचा, दुसरा मायनसचा; वळशामुळे डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट होतं.

गेल्या रविवारी मी तो वळसाच काढून टाकला. गाडी सुरळीत गेली आणि तशीच उलटी मागे आली.

"पाठमोरी?" काका हळूच म्हणाले. "घरी कुणी पाठमोरं येतं का?"

मग त्यांनी स्वतःच्या हाताने वळसा पुन्हा जोडला. गाडी जागीच थांबली. काकांनी पंखा लावला आणि मोठ्या आवाजात चहाचं विचारलं.

आज परत फोन आलाय. टेस्टर घेऊन मी जिना चढतोय खरा, पण दुरुस्त काय करायचंय ते मला कळत नाही.