हजची निळी नोट

कोपरखैरण्याच्या सुलेमानभाईंना सगळ्या जगाला ग्रेड द्यायची खोड होती. नोकरी महाप्याच्या कंपनीत स्टोअरकीपरची, पण जीव सगळा जुन्या नोटांत. मळकी नोट 'फाइन', एखादीच घडी पडलेली 'व्हेरी फाइन', आणि कुणाचा हातच न लागलेली ती 'अनसर्क्युलेटेड'. बायकोची, खदीजाची बिर्याणी वीस वर्षांत 'व्हेरी फाइन'च्या वर काही गेली नाही.

हात न लागलेली नोट त्यांच्याकडे एकच होती. हाजींसाठी सरकारने खास छापलेली, दहाची, निळी. खदीजाच्या अब्बांनी हजहून आणलेली. लग्नात त्यांनी ती पाकिटातच लेकीला दिली आणि दुसऱ्या दिवशी ती जावयाच्या आल्बमात गेली. "हात लावायचा नाय. हवासुदा लागता कामा नये," हे खदीजाने वीस वर्षं ऐकलं.

शहाण्णव साली वाशीला जुन्या नोटांचं प्रदर्शन ठरलं. ग्रेड देणार जयप्रकाश; सुलेमानभाईंची प्रत्येक नोट आजवर नाक मुरडून परत करणारा. यंदा त्याची जिरवायचीच, या एका ध्यासाने भाईंना झोप लागेना.

आदल्या दिवशी त्यांनी आल्बम उघडला आणि कपाळावर हात मारला. नोट कडक प्लास्टिकमध्ये बंद, चारी कडा गरम मशीनने चिकटवलेल्या.

खदीजा हसतच आली. "रेशनकार्ड लॅमिनेट करायला गेलते, तवा हीपन करून घेतली. तुमीच बोलता ना, हवा लागता कामा नये? आता नाय लागनार."

भाईंनी ब्लेड घेतलं, खाली ठेवलं. प्लास्टिकबरोबर नोटही सोलून निघाली असती.

तरी हट्टाने ते ती वाशीला घेऊन गेलेच. जयप्रकाशने एकदा बघून बोटाने बाजूला सारली. "भाई, हिला ग्रेडच नाही."

घरी येऊन त्यांनी नोट टेबलावर आपटली. "वीस वर्षं जपली मी! एका दिवसात वाट लावलीस!"

खदीजाने ती उचलून ओढणीने पुसली. "मशीन तापेपर्यंत दहा मिनिटं हातात धरून बसले. अब्बांची नोट, लग्नानंतर पयल्यांदा हातात आली माज्या. तुमी कधी दिलीत?"

म्हणजे प्लास्टिकच्या आधी दहा मिनिटं हात लागला होता. ग्रेड तिथंच गेली होती, हे भाईंच्या चटकन ध्यानात आलं. पण त्यांनी रिकामा आल्बम मिटला आणि नोट तिच्याच हातात राहू दिली.