आमचा रविवार गुरुवारी

“वर विचारलं, नाही म्हणाले.” हे वाक्य मी एका माणसाला अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं होतं. मी वर, खाली, कुठेही विचारलं नव्हतं.

त्याचंही एक ठरलेलं वाक्य होतं. “सर, आमचा रविवार गुरुवारी असतो.” हे म्हणताना तो खांद्यावरचा रुमाल काढून त्याची घडी करत राहायचा, जणू चूक त्याचीच आहे.

तुम्ही पिंपरी-चिंचवडकडे राहत असाल, तर यात नवल वाटणार नाही. इथल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. पण ज्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर मी शिकवायचो, तिथले वर्ग रविवारी, आमच्याच कॉलेजात भरायचे. चाकणला प्रेस मशीनवर रात्रपाळी करून तो रविवारी सकाळी कंपनीच्या कपड्यांतच यायचा, पहिल्या बाकावर बसायचा आणि थोड्याच वेळात झोपायचा. पेन हातात, मान ताठ.

“राव, हा घोरताना पण नोट्स काढतोय,” मागून कुणीतरी म्हणायचं.

“ऐकूलालोय सर,” तो डोळे न उघडताच सांगायचा. लातूरकडचा होता.

दरवर्षी पहिल्या वर्गात मी विद्यापीठांचा इतिहास सांगायचो. पूर्वी विद्यापीठ म्हणजे मोठ्या शहरातली दगडी इमारत. तिच्या पायऱ्या ज्याला चढता आल्या, त्यानं शिकायचं. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठं वाढली, तरी पोटामागे लागलेला माणूस बाहेरच राहिला. मग टपालानं धडे जाऊ लागले. पुढे देशानं कायदा करून असं विद्यापीठ काढलं, की जे स्वतःच माणसाकडे जाईल. त्याला स्वतःचे वर्ग नाहीत. गावोगावच्या कॉलेजांत उसन्या खोल्या घ्यायच्या.

त्याच्या वर्षी मी इथवर येताच तो खडबडून जागा झाला होता. “म्हंजे विद्यापीठानं बी दुसऱ्याच्या खोलीतच दिवस काढलेत की सर!”

वर्ग हसला. तो हसला नाही. चिखलीत एका वर्कशॉपच्या वर एका खोलीत त्याचं बिऱ्हाड होतं. त्याला फार बरं वाटलं असावं. पुढे टपरीवर हाच इतिहास तो कंपनीतल्यांना माझ्यापेक्षा रंगवून सांगायचा.

पदवी मिळाली तर त्याला सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. एकेक पेपर निघत गेला. राहिला तो माझा, इतिहासाचा. त्याला उत्तर यायचं, लांबवता यायचं नाही. पानभर लिहायचं तिथं चार ओळी. मी रागावलो, तर म्हणाला, “कंपनीत जास्त लिव्हलं की साहेब म्हणतो, मशीन का बंद पडलं तेवढं सांग.”

तो जागा असताना त्याला समोर बसवून कुणीतरी लिहून घ्यायला हवं होतं. तेच त्यानं मागितलं. “गुरुवारी संध्याकाळी खोली उघडा सर. आमी दहा-बारा जण येताव.”

विचारून बघतो, मी म्हणालो. पण दिवसभर कॉलेजात शिकवून पाय भरून यायचे, आणि मला घरी जायचं होतं. एवढंच. दुसऱ्या कुठल्या कारणामागे मला लपता येत नाही. काही दिवसांनी त्याला सांगितलं, “वर विचारलं, नाही म्हणाले. दिल्लीचं राष्ट्रीय विद्यापीठ आहे. देशभर रविवारच.”

त्यानं रुमालाची घडी केली. “देशाचंच म्हणल्यावर काय करावं. दिल्लीवाल्यांना आपला गुरुवार माहीत नसंल.” मग उलट मलाच धीर दिला. “तुमी विचारलात, लई झालं.”

पुढच्या दोन्ही परीक्षांत तो पेपर गेला. नोंदणीची मुदत संपली. आता शिकायचं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो यायचा थांबला. पहिला बाक रिकामा राहू लागला आणि मी तिकडे न बघता शिकवायची सवय करून घेतली.

मग केंद्रावर नवीन समन्वयक मॅडम आल्या. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, “सर, इकडे सुट्टी गुरुवारी असते ना? मग वर्ग रविवारी का?”

“वार बदललेला चालतो?” मी विचारलं.

“केंद्रानंच ठरवायचं असतं की.”

आता गुरुवारी संध्याकाळी वर्ग भरतो. मीच घेतो. पाय अजूनही भरून येतात.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी अर्धी रजा टाकून चिखलीला गेलो. खालचं वर्कशॉप सुट्टीमुळे बंद होतं, जिना शांत होता. तो झोपला होता. बायकोनं उठवलं. शर्टाची बटणं लावत, “सर! आज कसं काय?” म्हणत त्यानं घरातली एकुलती खुर्ची पुढे केली. वाळला होता. अजून प्रेसवरच होता. मी काही बोलण्याआधीच त्यानं मुलीला हाक मारली.

“ये, पाया पड. हे सर. आपल्या गुरुवारसाठी दिल्लीपर्यंत विचारलं होतं ह्यांनी.”

मुलगी वाकली. मी तिचे हात मधेच धरले.

“मी विचारलं नव्हतं,” मी त्याला म्हणालो. “कुणालाच नाही. मला घरी जायचं होतं, म्हणून तुमच्याशी खोटं बोललो. तुमची पदवी माझ्यामुळे राहिली. मला माफ करा.”