बिनविरोध नको म्हणणारे मोहिते

मोहिते गेल्याचा त्यांच्या बायकोचा, सुलभावहिनींचा फोन आला तेव्हा मी शिरवण्याच्या बाजारात भाजी घेत होतो. ते राहायचे आमच्याच इमारतीत, माझ्या वर दोन मजले. पोचलो तर टीव्ही चालूच होता. कुठल्याशा दूरच्या देशातल्या निवडणुकीचे निकाल लागत होते, आणि ते बघता बघताच मोहित्यांनी खुर्चीत मान टाकली होती. जुनाच अध्यक्ष परत आला होता, जवळजवळ सगळी मतं घेऊन... मोहिते असते तर म्हणाले असते, एवढं एकमत म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

मूळचे साताऱ्याकडचे मोहिते. उभी हयात मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. एका बंदरात तिथला एजंट दर फेरीला जहाजावर यायचा आणि चहा पीत आपल्या सरकारला मनसोक्त शिव्या द्यायचा. मग त्या देशात निवडणूक झाली, तेच सरकार प्रचंड मतांनी परत आलं. पुढच्या फेरीला तो एजंट फक्त हवेबद्दल बोलला. मोहित्यांनी केबिनचं दार लावून घेतलं, तरी हवेबद्दलच. "रणगाडे रस्त्यावर आले तर कळतं तरी," ते मला म्हणायचे, "हे मतं घेऊन, हार घालून घेत येतं." पुढे ज्या ज्या बंदराला ते लागले, तिथे माणसं कशाबद्दल बोलायची टाळतात एवढंच बघत राहिले.

आमच्या सोसायटीचे चेअरमन नाना. शिरवणे गावातलेच, बोलायला गोड, पाणी गेलं की स्वतः टँकर मागवणारे. वर्षानुवर्षं बिनविरोध. इमारत पाडून नवी बांधायचं चाललं होतं आणि बिल्डर नानांच्या ओळखीचा होता. लिफ्टमध्ये मी तो विषय काढला की माणसं उकाड्यावर बोलू लागत. हे मोहित्यांच्या कानावर घातलं, आणि दुसऱ्याच दिवशी ते नानांच्या विरोधात उभे राहिले. हा दुसऱ्या बिल्डरचा माणूस असणार, असं इमारतभर झालं.

आमच्याकडे मतदान हात वर करून व्हायचं, घरातल्या नवरा-बायको दोघांचंही. मोहित्यांनी सभेत गुप्त मतदान मागितलं. नाना हसले. "काका, घरातल्या घरात चिठ्ठ्या कशाला? कुनावर संशय हाय का?"

"हाय," मोहिते म्हणाले. "माझ्यावरपण. तुमच्यासमोर माझाबी हात वर जाईल."

वहिनींनी घरून पिठाचा डबा आणून दिला, त्यात चिठ्ठ्या पडल्या. मोहिते हरले. पण त्यांना इतकी मतं पडली होती की नानांचा चेहरा उतरला. पुढचे कित्येक दिवस लिफ्टमध्ये जो तो दुसऱ्याकडे चोरून बघत होता, मोहित्यांना मत देणारा हाच तर नसेल म्हणून. मी मोहित्यांना माझं मत सांगायला गेलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. "सांगायला आलास तर मला शंका येईल," म्हणाले. बिल्डरचा करार मात्र नानांना सभेपुढे ठेवावा लागला, आणि लोकांनी तो वाचून चार प्रश्न विचारले. तो अजून अडकून आहे.

परवा वहिनींकडे गेलो होतो. मोहित्यांची खोली त्यांनी तशीच ठेवली आहे. बोलता बोलता त्या एकदम म्हणाल्या, "भावजी, मी यांना मत दिलं नव्हतं."

नव्या घराची त्यांना आस होती, आणि या वयात शेजाऱ्यांशी वैर नको होतं. जगातल्या कुठल्या कुठल्या अध्यक्षांवर संशय घेणाऱ्या माणसाला हे कळलं नसेल? का कळलं होतं?

"विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते," वहिनी म्हणाल्या. "हरून आले, स्वतःच चहा केला, माझ्यासमोर कप ठेवला... आणि विचारलंच नाही."